तिसऱ्या पेल्यापर्यंत

केरेन, मार्चचा दुसरा सोमवार

चि. लुवामला आजीचे आशीर्वाद.

तुला एक आजी आहे आणि ती अजून मेलेली नाही, याची आठवण करून द्यायला हे पत्र. सरहद्द ओलांडून सुदानात, कसाल्याला गेलं की माणसं हे विसरतात असं ऐकून होते. आता माझ्याच घरात बघायला मिळालं. अक्षर तुझ्या आईचं नाही म्हणून दचकू नकोस. शेजारची त्सेगे लिहितेय. माझे निम्मे शब्द ती गिळते. म्हणते, "आजी, हे कागदावर नको."

इकडे सगळं ठीक. नळाला पाणी कधी येतं, कधी नाही. गुडघे तसेच.

आपली धाकटी सेमहार तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं. ती निघाली ती दुपार ऐक. सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी छावणीत हजर व्हायची तिची तारीख उलटलेली, आणि वस्तीच्या कमिटीवरची म्हिरेत दारात उभी. मी म्हटलं, "बस गं, कॉफी करते." बिया इतक्या सावकाश भाजल्या की निखारेही कंटाळले. तिसऱ्या पेल्याआधी उठलं तर घराचा आशीर्वाद मोडतो. तो मोडायची हिंमत कमिटीलाही नाही.

"तुमची धाकटी नात दिसत नाही?"

"गिरणीत गेलीय."

"एवढा वेळ?"

"गिरणी सरकारी आहे, बाई."

म्हिरेत हसली. तोवर पोरगी मागच्या दाराने डोंगराला लागली होती.

हसून झालं. त्याच आठवड्यात म्हिरेत पुन्हा आली, तेव्हा बसली नाही. बरोबर शिपाई होते. सेमहारच्या बदल्यात तुझ्या आईला घेऊन गेले. मुलगी आणा, आई न्या, म्हणतात.

सेमहारने निरोप धाडलाय, ती परत येतेय म्हणून. येऊ देऊ नकोस. भांड तिच्याशी, माझी शपथ घाल, चपला लपव. समोरचा तेकेस्ते असाच बापाला सोडवायला परतला. आता बाप-लेक दोघंही आत.

शनिवारी मी तुरुंगाच्या फाटकाशी डबा नेते. परवा एका शिपायाने लांबून तुझ्या आईला दाखवलं. मी ओरडून विचारलं, "धाकटीला काय सांगू?"

"तिथेच राहा म्हणावं. नाहीतर मी उगीच बसले इथे."

तिचं बोलणं मला दोनदा विचारावं लागलं. तोंड सुजलेलं होतं.

तुम्हा दोघींना पुन्हा न बघताच जायची तयारी केलेली,
तुझी आजी

उंटवाल्याबरोबर खजूर पाठवू नकोस, तुझ्या आईला आता चावता येत नाही. उपास चालू आहेत, त्यात दूध वर्ज्य, तरी दुधाची पावडर पाठव. देवाशी काय ते मी बघून घेईन.