गोळीनंतरचं जेवण

३ नोव्हेंबर ९७, दिल्ली
रिपोर्ट आला. शुगर. उपाशीपोटीची वाढलेली, जेवणानंतरची त्याहून जास्त. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चीनी तो छोड़िए ही, पर असली बात चावल, रोटी, आलू की है. बंद नहीं करना, नापना है." एका जेवणाला छोटी वाटी भात किंवा दोन फुलके. दोन्ही नाही. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, वरण घट्ट. गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा बजावलं.
घरी शरदला सांगितलं. (तोंडावर 'अहो', इथे नावानेच लिहिणार.) टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "गोड कमी कर, झालं."
झालं.

५ नोव्हें.
राग उतरत नाही. शरदला बीपी निघालं तेव्हा अख्ख्या घराचं मीठ कमी झालं. पापड बंद, लोणच्याच्या बरण्या माळ्यावर. लेक मुक्ता तेव्हा लहान, तीही मुकाट अळणी खायची. "एकाला दुखलं की घराने साथ द्यायची", हे सासूबाईंचं वाक्य. आज त्याच म्हणतात, "तुझं तू वेगळं करून घे ना. पोरीचे हाल कशाला?"
केलं वेगळं. त्यांच्यासाठी भात, बटाटा, पोळ्या. माझ्यासाठी दुधी आणि मोडाची मटकी. ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस धावत पकडली. माझी वेणी घरी मयूर विहारला अर्धी, ऑफिसात पुरी.

९ नोव्हें.
शरदने शुगर-फ्री बिस्किटं आणली, नोएडातल्या नव्या चकचकीत दुकानातून. "आता खा हवी तितकी." पाकिटावरचं वाचलं. घटकांत पहिलाच मैदा. त्याला दाखवलं तर म्हणाला, "तुझ्यासाठी काही आणायचीही सोय नाही." खरंच कौतुकाने आणली होती. म्हणून जास्तच चिडले.

१७ नोव्हें.
संकष्टी. करणार नव्हते. सा.बा. म्हणाल्या, "लग्नापासूनची मोडणार?" वाद नको म्हणून केली. खिचडी त्यांनीच केली, पण साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे नुसता स्टार्च. खाल्ली नाही. रोजच्या सवयीने गोळी मात्र घेतली आणि बिनसाखरेच्या चहावर निघाले.
बस यमुनेच्या पुलावर आली तेव्हा हात कापायला लागले. नोव्हेंबरात घामाने ब्लाउज भिजला. समोरच्या माणसाच्या स्वेटरवरच्या रेघा हलायला लागल्या. शेजारी मिसेस खन्ना, रोजच्याच. "सुबह से कुछ खाया है?" मला 'नाही' एवढंही बोलता येईना. त्यांनी पर्समधली टॉफी माझ्या तोंडात घातली, मग स्वतःच्या डब्यातला पराठा. उतरल्यावर डिस्पेन्सरीत नेलं. ऑफिसात दोघींना लेट मार्क.
डॉ.बाई तापल्या. "गोली और व्रत साथ नहीं चलेंगे. बेहोश हो जातीं तो?"
घरी शरद: "मग उपाशीपोटी गोळी घ्यायचीच कशाला? डोकं वापरायचं ना."
पाणी देतादेता सा.बां.ना सांगितलं, उपास बंद. "तुझी मर्जी," म्हणाल्या.

२३ नोव्हें., रवि.
पहाडगंजला जाऊन ज्वारीचं पीठ आणलं. तीन दुकानदारांनी बाजरी पुढे केली, चौथ्याकडे मिळालं. भाकरी थापताना मुक्ता डोकावली.
"ये सफ़ेद बाजरा है?"
"ज्वारी."
"ज्वारी म्हणजे?"
सोलापूरकडच्या माणसांची अकरावीतली पोरगी. तिच्यावर चिडून काय करू, इथे वाढली. अर्धी भाकरी लसणाच्या चटणीशी खाल्ली. "ठीक है यार, बुरा नहीं है." मी पण एकच खाल्ली. ज्वारी झाली तरी मोजूनच.

२९ नोव्हें.
शरदच्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलेलं. सरकारी नोकरी सोडून नोएडाच्या कंपनीत गेल्यापासून हे डिनर प्रकरण आहे. पुऱ्या, बटाटा, मसालेभात, श्रीखंड. ऑफिस नव्हतं, सकाळपासून ओट्याशी उभी.
यायचे साडेसातला. त्या हिशेबाने गोळी घेतली. आठ वाजून गेले तरी पत्ता नाही. फोन केला तर नोकर म्हणाला, साहब अभी निकले हैं. हात बघितले, थरथर नव्हती. पण पुलावरची सकाळ आठवली. ताट वाढून घेतलं. वाटीभर मसालेभात, मटकी, कोशिंबीर. जेवणाच्या टेबलावर, दिव्याखाली. स्वयंपाकघरात लपून खायचं मनात आलं होतं. नाही खाल्लं तसं.
निम्मं झालं आणि बेल वाजली.
"आइए, बैठिए. दवा ली है, इसलिए पहले खा रही हूँ."
साहेबांची बायको म्हणाली, "अरे बिल्कुल, आराम से." शरद हसला. "इनको ज़रा शुगर है."
ज़रा.
जेवण संपवलं, हात धुतले, मग पुऱ्या तळल्या. टम्म फुगल्या सगळ्या.
ते गेल्यावर:
"थोडं थांबता आलं नसतं?"
"नाही."
"मॅनर्स नावाची गोष्ट असते."
"बसमध्ये माझं काय झालं होतं ते आठवतंय?"
"मला काय माहीत? मी होतो का तिथे?"
नव्हताच. घरी येऊन सांगितलं तेव्हा समोर असूनही नव्हता.

३० नोव्हें.
अबोला. त्याचा. मला बोलायला सवडच नाही.
सा.बा.: "नवऱ्याआधी जेवायची पद्धत नाही आपल्यात."
"आई, गोळीला पद्धत कळत नाही."
तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं त्यांनी. मग, "त्या दिवशी बसमध्ये... कुणी शेजारी नसतं तर?"
"तर पडले असते."
बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच होते.

२ डिसें.
जाहीर केलं, उद्यापासून स्वयंपाक एकच. माझ्या मापाचा. ज्याला जास्त हवं त्याने वरचं करून घ्यावं. मुक्ताने खांदे उडवले, "चलो." सा.बा. रात्री माझ्याबरोबरच ताटावर बसल्या. शरद अजून बोलत नाही, पण ऐकलं त्याने.

४ डिसें.
गोळी घेतली, ताट घेतलं. अर्धी भाकरी झाली आणि शरद आला. ब्रीफकेस हातातच. टेबलाकडे बघत उभा राहिला.
"भात?"
इतक्या दिवसांतला पहिला शब्द.
"आज भाकरी आहे. भात हवा असेल तर लावून घ्या, कुकर ओट्यावर आहे."
सा.बा. उठायला लागल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. बसल्या.
शरद आत गेला. तांदळाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग नळ नाही, गॅस नाही, काहीच नाही. मुक्ता माझ्याकडे बघत होती.
मी उठले नाही. भाकरी गार होत होती, ती खाल्ली.