तुझी आई सांगलीला आली होती

प्रिय अंके,

आज रविवार. रूममेट तिच्या मामाकडं गेलीय, मेसचं जेवण उरकलंय आणि मी एकटीच खोलीत बसलेय. इथं आल्यापासून कुणी विचारलं तर एवढंच सांगते, दहिवडीकडची आहे, सायन्सला आहे. त्यापुढं तोंड उघडत नाही. पण तुझी आई इथं येऊन खोली बघून गेली, हे तुला कोण सांगणार? खोलीत काय झालं ते माझ्याशिवाय कुणी नीट बघितलेलंही नाही. म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते. मी रडलेले नाही. तू गेलीस त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तुमच्या दारात बायका हंबरडा फोडत होत्या आणि मी तुमच्या शेळीकडं बघत होते. ती कुणाच्या तरी चपलेचा पट्टा चघळत होती. मला वाटलं, उठावं आणि चप्पल सोडवून घ्यावी. तेवढंच वाटलं. बायका म्हणत होत्या, "आगं रड की पोरी, मोकळी हो." कशी होऊ? आत काही भरलेलंच नव्हतं तर मोकळं काय करायचं?

आणि तू तरी काय गं! ॲडमिशनच्या दिवशी एसटीत कपाळ खिडकीच्या गजाला टेकवून बसली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ऊन लागलंय, गप बस." ऊन? डोळे लालभडक झाले होते तुझे! तशा तापल्या अंगानं इथल्या होस्टेलचा जिना चढलीस, आपल्या दोघींना मिळालेली खोली बघितलीस, बाहेरची झाडं बघून खूश झालीस. गावाकडं परत येताना मायणीपर्यंत झोपलीस आणि उठल्यावर म्हणालीस, "आईला सांगू नकोस, लगेच दवाखान्यात न्हेतीया." दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. डेंग्यू होता, अंके.

माझं सामान भरायला घेतलं तेव्हा पप्पा सुट्टी काढून मुंबईहून आले होते. मार्केटमध्ये पोती उचलणारा माणूस, माझी बॅग तीनदा सोडून तीनदा बांधत होता. आई एकेक वस्तू माझ्यासमोर धरायची. "शेंगदाण्याची चटणी ठिवू का?" ठेव. "ही जुनी चादर ठिवू का?" ठेव. "लोणचं?" ठेव. मी बघतही नव्हते. शेवटी आई म्हणाली, "दळायचं जातं ठिवू का?" मी म्हणाले, ठेव.

मग आई हातातलं सगळं खाली ठेवून भिंतीला टेकून बसली. पप्पा अंगणात गेले. मला काय चुकलं तेच कळेना.

त्याच वेळी तुझी आई आली. डोक्यावर गादी होती. ती पोपटांच्या कापडाची, तू होस्टेलसाठी म्हसवडच्या पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. कापड निवडताना तू त्याला किती छळलं होतंस! पोपट हिरवेच पाहिजेत, निळे नको, निळा पोपट कधी असतो का? तुझ्या आईनं गादी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"रुतू, ही घिऊन जा. कोरी हाय. आंकी एकदाबी निजली न्हाई हिच्यावर."

माझ्या आईनं चहा टाकला, तुझ्या आईला दिला. तिचा चहा पिऊन होईस्तोवर थांबली. मग म्हणाली, "अक्का, राग मानू नका. पर गेलेल्या लेकराचं अंथरूण... माझी एकुलती एक पोर हाय. माझं मन धजत न्हाई."

तुझ्या आईनं कप खाली ठेवला. "राग कशाचा? आईचा जीव हाय, वाटणारच. तुमचं बराबर हाय."

ती उठली आणि गादी उचलायला वाकली. पण भरलेली गादी एकटीला डोक्यावर कशी घेता येईल? कुणीतरी हात लावायला पाहिजे होता. आई जागची हलली नाही. आईला वाईट वाटत होतं, मला दिसत होतं, तरी ती हलली नाही. म्हणून मी उठले, गादीचं दुसरं टोक धरलं. तुझ्या आईला वाटलं, मी हात लावतेय. मी गादी माझ्याकडं ओढली.

"मी नेणार."

"रुते!" आई ओरडली.

"नेणार म्हणलं ना."

अंगणातून पप्पांचा आवाज आला. "न्हिऊ दे तिला. आज कशालातरी नेणार म्हणाली, त्येवढं बास हाय."

मग तुझी आई म्हणाली, "मीबी येऊ का? नुसती खोली बघते नि माघारी येते. लय सांगायची खोलीचं. झाडं दिसत्यात म्हणायची."

आईनं रिकामा कप उचलून चुलीपाशी ठेवला. मग म्हणाली, "या की अक्का. गाडीत जागा हाय."

तुझी आई तिची चांगली साडी नेसून आली होती, ती जांभळी. गादी भाड्याच्या जीपच्या टपावर बांधू म्हणून पप्पांनी हात पुढं केला, तर नको म्हणाली, मांडीवरच धरून बसली. तासगावच्या अलीकडं तिनं एकदम खिडकीला हात लावला.

"हितं आमी बसायचो."

मला वाटलं, कुठं, एसटीला? तसं नव्हतं. तिथं रस्त्याकडेला द्राक्षाची बाग आहे आता. तेव्हा मोकळं रान होतं म्हणे. तुझे आण्णा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा त्या शेतात वाडा बसवायचे, रात्रभर मेंढरं शेतात कोंडायची, तेवढंच शेताला खत. तुझी आई म्हणाली, "आंकी रांगायला ह्याच रानात लागली. मी भाकरी थापत हुती. बघते तर पोरगी मेंढरांच्या पायांत! आंकीचं आण्णा असं पळालं..." आणि ती हसली, अंके. तोंडाला पदर लावून हसली.

तुला माहीत होतं का हे? आपण त्या रस्त्यानं गेलो, तिथूनच गेलो, आणि तू बोलली नाहीस. म्हणजे तुला माहीत नसणार. म्हणून सांगतेय. तू पहिल्यांदा रांगलीस ती सांगलीच्या वाटेवर.

होस्टेलच्या दारात रेक्टर मॅडम उभ्या होत्या. गर्दी होती, बादल्या, ट्रंका, सगळ्यांच्या आया रडत होत्या. मॅडमनी सांगितलं, मुलीबरोबर एकाच बाईला वर जाता येईल, पुरुषांनी बाहेर थांबायचं. पप्पा लगेच मागं सरले. राहिल्या दोघी.

मी आईकडं बघितलं. प्रवासात ती मला सांगत आली होती, कपाट कसं लावायचं, कॉट मी पुसून देते, कोपऱ्यात जाळी असली तर काढून देते. हातात फडकंसुद्धा घेतलं होतं तिनं. ते फडकं तिनं तुझ्या आईच्या हातात दिलं.

"तुमी जावा अक्का. मी काय, दिवाळीला बघीन."

"आवं नगं नगं, तुमची लेक हाय..."

"जावा म्हणते ना."

मॅडमनी तुझ्या आईला विचारलं, "तुम्ही आई का मुलीच्या?"

तुझी आई उभीच राहिली. तिला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. मागं माझी आई उभी होती, तिलाही ऐकू गेलं होतं. मी म्हणाले, "हो मॅडम." मागून आईनं माझी बॅग पुढं सरकवली.

वर गेलो. तुझ्या कॉटवर जतची एक मुलगी बसली होती, भाग्यश्री नाव. आधीच रडून सुजली होती. तुझ्या आईनं त्या कॉटकडं बघितलं, मग त्या मुलीकडं. मला वाटलं, आता ही कोसळते. ती म्हणाली, "कुठली गं बाय तू? जेवलीस का काय तशीच आलीस?" आणि पिशवीतनं भाकरी काढून दिली तिला!

मग माझा कॉट पुसला. गादी अंथरली. कोपरे ओढून सरळ केले. हातानं सगळीकडं दाबून बघितलं. आणि त्या गादीवर आडवी झाली. पाय पोटाशी घेऊन, तोंड भिंतीकडं करून. जांभळी साडी, हिरवे पोपट. भाग्यश्रीचा घास हातातच राहिला. मी दारात उभी होते. काय करावं, जवळ जावं का, काही सुचलं नाही. मला तेव्हाही रडू आलं नाही.

थोड्या वेळानं ती उठली. झोपल्यामुळं गादीवर पडलेली सुरकुती हातानं मोडली. "चांगली भरलीया. गाठी न्हाईत," म्हणाली. खिडकीशी गेली, झाडं बघितली. "व्हय. दिसत्यात."

खाली आलो तर आई फाटकापाशी तशीच उभी. तिनं पुढं होऊन तुझ्या आईचा दंड धरला आणि सोडलाच नाही, जीपमध्ये बसेपर्यंत. मला जवळ घेतलं नाही, घेतलं असतं तर गाडीत बसली नसती. खिडकीतून एवढंच विचारलं, "पंखा हाय का गं खोलीत?"

"आहे."

जीप गेली. मी वर आले आणि झोपले. गादी कोऱ्या कापसानं उंच झालीय, खाली पडेन असं वाटतं. तुझ्यावर रागही येतो कधी कधी. कुठल्याही वर्गात शिरताना नेहमी मीच मागं चालायचे, तू पुढं. आता दारातून आत जाताना मी थांबते आणि मागच्या मुली ढकलतात.

काल दुपारी जेवण झाल्यावर फोन वाजला आणि स्क्रीनवर "अंकी" असं आलं. वर तुझा तो जीभ काढलेला फोटो. आजूबाजूला मुली केस धुऊन उन्हात बसल्या होत्या. मी बघत राहिले. वाजून वाजून थांबला. परत वाजला. उचलला.

"रुतू? मी गं, आंकीची आई. फोन लावायला आत्ता शिकले. जेवलीस का?"

"जेवले."

"काय हुतं?"

"वांगं."

"चांगलं हुतं का?"

"तिखट होतं."

"बरं," म्हणाली ती. पण फोन ठेवला नाही. तिकडं शेळी ओरडत होती, भांडी वाजत होती. मीही ठेवला नाही.

माझ्या फोनमधलं तुझं नाव बदलून "काकी" कर, असं भाग्यश्री म्हणते. मी बदलणार नाही. रडू यायचं तेव्हा येईल, नाही आलं तरी मी काय करू? पण एक कबूल करते तुला. तुझं नाव दिसलं की मी लगेच उचलीन, वर्गात असले तर बाहेर येऊन उचलीन. आणि काय जेवले ते रोज खरं खरं सांगीन.

तुझीच,
रुते