साखर सोडलेला उंदीर

तीर्थरूप बाबांना लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. सर्दी गेली, नव्या खोलीत ऊनही येतं. तुमचा गुडघा कसा आहे?

मी इथे नेमकं काय काम करते, असं विचारलंत. आम्ही प्रयोगशाळेत उंदरांना खचवतो. मारहाण नाही, उपासमार नाही. पिंजरा तिरका करायचा, भुसा ओला करायचा, डोळा लागला की दिवा लावायचा, जोडीदार काढून न्यायचा. रोज थोडंथोडं. मग साखरेचं पाणी ठेवायचं. धडधाकट उंदीर त्यावर तुटून पडतो. खचलेला ढुंकूनही बघत नाही.

शेवटी मेंदू कापून बघतो. तिथे ग्लुटामेट नावाचं रसायन एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेतं. खचलेल्या उंदरात तो निरोप घेणारे रिसेप्टर कमी झालेले दिसतात. काही आठवडे औषध दिलेल्या उंदरांत ते पुन्हा वाढलेले दिसतात. उंदरांना आम्ही निदान औषध तरी देतो.

आईच्या गोळ्या तुम्ही थेरं म्हणून कचऱ्यात टाकल्यात. मावशीला घराची पायरी चढू देत नाही. आता आई उलट बोलत नाही, घर कसं शांत आहे, आणि कुणी न सांगता तिने चहातली साखरसुद्धा सोडली, असं कौतुकाने लिहिलंत.

उंदराने गोड सोडलं की आमचे सर हात पुसत म्हणतात, जमलं.

तुमचंही जमलं, बाबा.

शनिवारी मी आईला न्यायला येतेय. तोवर चहा करायला शिकून घ्या. साखर तुम्हाला लागते तेवढी घाला.

तुमचीच लेक