धाकटीला त्या घरात देऊ नये

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, धंदा शिवणकाम, राहणार शिवणाच्या दुकानामागची खोली, पूर्ण शुद्धीवर आणि तितक्याच रागात हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणाऱ्याला मागच्या वर्षीच सोडून आले.

१. मला एचआयव्ही आहे, आणि तो नवऱ्याकडून आला. गोळी रोज घेते, ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, म्हातारी होशील. तेव्हा मी अचानक गेले, जिन्यावरून पडले किंवा स्टोव्ह भडकला असं कोणी सांगितलं, तर ते आजाराच्या माथी मारू नये. सरळ पोलिसांत जावं.

२. या शहरात आमची माणसं मूठभर. इथली भाषा मला तेव्हा येत नव्हती, म्हणून दवाखान्यात दुभाष्या नवराच. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत बराच वेळ बोलल्या. मी विचारलं, "काय म्हणतात?" तो म्हणाला, "रक्त कमी आहे. पालेभाजी खा." मी मेली वर्षानुवर्षं पालेभाजी खात बसले, आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्या माळ्यावर चपलांच्या खोक्यात होत्या. त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तो बाहेर रात्री काढून यायचा, म्हणून मी निरोध वापर म्हणायचे. "माझ्यावर संशय घेतेस?" म्हणत मारायचा. डावा कान त्यातच गेला. पुढे दवाखान्यात आमच्यातलीच एक दुभाषी बाई लागली, तिने खरं सांगितलं.

३. वस्तीतले वडीलधारे, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते म्हणाले, "पोरी, इथले लोक आधीच आपल्याला नावं ठेवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची." काका, ती मूठ माझ्या तोंडावर पडत होती. काकांना माझ्या मिळकतीतलं दोऱ्याचं रिकामं रीळसुद्धा देऊ नये.

४. नवऱ्याला काही नाही. त्याचा लग्नातला कोट माझ्याकडे राहिला होता, तो उसवून मी पायपुसणी केली. छान पाणी शोषते.

५. आमच्यात रीत आहे, बायको मेली की तिची धाकटी बहीण त्याच घरात द्यायची. तो माझ्या दारात येऊन सांगून गेला, "तू मर, धाकटी आहेच." हे लिहायला बसले ते त्यासाठी. मी मेल्यावर शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या, कुड्या आणि बँकेतली शिल्लक धाकटीला मिळावी. अट एकच, तिने त्या घरात पाय ठेवू नये. इथल्या भाषेत लिहिलेलं हे सगळं दुभाषी बाईने तिला आमच्या भाषेत वाचून दाखवावं.

६. काल गावी धाकटीला फोन केला. घुटमळत म्हणाली, "ताई, दाजींनी मला नवा मोबाईल पाठवलाय. रोज बोलतात. तू थोड्या दिवसांची सोबती आहेस म्हणे. आईने होकार दिलाय."

म्हणून वरच्या कलमातले "मी मेल्यावर" हे शब्द रद्द समजावेत. सगळं आजपासून तिचं. कालच फोनवर, पहिल्या कलमापासून मीच तिला आमच्या भाषेत वाचून दाखवायला लागले. आई मागून ओरडत होती, "ठेव तो फोन." धाकटीने ठेवला नाही.

सही: धाकटीची ताई
साक्षीदार: दवाखान्यातली दुभाषी बाई, माझ्या दाराला आतून कडी बसवून देणारा शेजारचा कुलूपवाला
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी