सगळ्या गावाची संमती

३ मार्च
पोहोचले एकदाची! मुकगोल गाव चिमुकलं, पण तळं केवढं! त्यावर तरंगणारी, उन्हावर वीज करणारी सौरपटलं धुवायचं माझं काम. दोन वर्षं बेकार बसल्यावर हेही सोनंच. गावप्रमुख प्यो अभिमानाने सांगत होते, प्रकल्पाला एकाही घराचा विरोध नाही. घरमालकीण ओकबुन आजींनी तळ्यातल्या माशांचं झणझणीत कालवण वाढलं. दोनदा मागून घेतलं.

९ मार्च
पाणकावळ्यांनी जीव नकोसा केलाय. पटलांवर बोटभर विष्ठा, वर त्यांनी ओकलेले माशांच्या काट्यांचे चिकट गोळे. वास केसांत मुरलाय. आजी म्हणाल्या, महिन्याभरात नाकच मरतं.

१४ मार्च
चौदाव्या रांगेत एक गोळा खरवडताना नख निघालं. माणसाचं. जाड, पिवळं. प्योंना दाखवलं. त्यांनी ते टिचकीने पाण्यात उडवलं आणि पुढे चालू लागले.

१७ मार्च
आज सोन्याचा दात. आजींना सहज विचारलं, गावातलं कोणी नाहीसं झालंय का. त्या कांदापात निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक म्हातारा गिल्सू, ताकांच्या घरातला, तेवढा प्रकल्पाला नको म्हणायचा. मग झाला तयार." आणि माझ्यापुढे कालवण सरकवलं. हे मी किती दिवस खातेय —

१८ मार्च
चौदाव्या रांगेतलं पटल कलतं करून पाहिलं. खाली दोरी. दोरीत मनगट. भोवती मासे, गुबगुबीत. दिवसभर ओकले.

१९ मार्च
पोलिसांकडे निघाले, तर दारात प्यो, मागे अर्धं गाव. माझी नोकरी कायम झाल्याचं पत्र. सोबत साक्षीदार म्हणून माझ्या सहीसाठी एक कागद: ताक गिल्सूंनी माझ्यासमोर संमती दिली. मी म्हटलं, मी तेव्हा इथे नव्हतेच. प्यो म्हणाले, "तारीख आम्ही घालू, पोरी. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी तीस जणांचं काम बुडवायचं होतं का?"
सही केली. मासे परवडले, माझीच किळस —

२३ मार्च
ताक गिल्सूंची मुलगी आलीय, उल्सान शहरातून. कागदावर माझं नाव वाचून विचारत होती, नाहीसे होण्याआधी बाबा शेवटी काय म्हणाले. मी सांगितलं, त्यांनी हसत सही केली. तिने माझे दोन्ही हात धरले, वाकून आभार मानले. हात तीनदा धुतले, तरी —
ती तळ्याकडे निघाली. म्हणे बाबांनी ज्याला हो म्हटलं, ते बघायचंय. खिडकीतून दिसतेय. पटलांमधल्या फळीवरून चाललीय, दहावी रांग, अकरावी — प्यो तिच्या मागे. हातात दोरी — हाक मारायला हवी — तोंड उघडलं तर ओकारी — बारावी — मी अजून लिहितेच आहे, उठत का नाही मी —