एका डोहात दोन आवाज

कार्तिक वद्य ३, मंगळवार

आज तिसरा दिवस, मासे धराले डोंगा माह्याबिगर गेला. गुडघा भोपळ्यावानी सुजला, मांडी घालता येत नाही. घरात बसून बुढीनं काय करावं? भिंतीले शिव्या देऊन झाल्या. रामा म्हणे, "आजी, तू बोल, मी लिवतो." रामा म्हणजे नातू. तीन इयत्ता शिकला, ठेसनावरून अर्धी कोरी वही अन् शिसपेन घेऊन आला. म्हणे, तुह्या टाचेची विद्या कागदावर राहू दे, उद्या तू गेली तर?

म्हटलं, मी कुठं जाऊन राह्यली?

बरं, लिव. डोंग्याच्या नाकाशी बसायचं. तोंड पाण्याकडं. उजव्या टाचेनं तळावर ठोकायचं, सावकाश, मग घाईनं, मग उगी बसायचं. उगी बसणंच कठीण. खाली खवल्या माशाचा थवा कुठंबी असो, वर येते. सासूनं मले शिकवलं. माहा म्हातारा वल्हं मारते, मी ठोकते, अडतीस वर्सं झाली. रोज पुरा "म्हातारा" लिवू नको, "म्हा." लिव. तेवढाच पुरे तो.

रामा इचारते, आवाजानं मासा पळाले पाहिजे, येते काहून? अरे, चार मासे एका जागी खायले तुटून पडले की पाण्यात असाच धडधडाट होते. बाकीच्याईले वाटते, तिकडं पंगत बसली अन् आपल्याले बोलावणं नाही. भुकेनं नाही येत मासा. जळफळत येते.

का. व. ५, गुरुवार

माह्या जागेवर आज नातसून बसली. रामाचीच बायको. तिचं नाव पुरं लिवू नको म्हटलं, "मै." लिव, तेवढंच शिसं वाचन. रामा खोकलला. खोकल, पण लिव.

मै. पैनगंगेकडची. तिच्या माहेरी टाच नाही वापरत. घडा पालथा करून त्याचं तोंड पाण्यावर टेकवतात अन् बुडावर तळहात मारतात. डुबुक, डुबुक. स्वयंपाकघरातला माहा घडा उचलून नेला. मी मनात म्हटलं, ने बाई, अडाण नदी हाय ही, तुही पैनगंगा नाही. इथले मासे माही टाच ओळखतात.

दुपारी टोपली भरून आली.

म्हा. हातपाय धुता धुता म्हणे, "मोठा गोड हात हाय पोरीचा."

अडतीस वर्सांत माह्या टाचेले गोड म्हणला नाही. टाच गोड नसते म्हणा.

का. व. ८, रविवार

आमचा रिवाज असा की जाळ्यातला पहिला मासा बोलावणारीचा. तिनं खावा, नाही तर द्यावा ज्याले द्यायचा त्याले. मै.नं तो आज माह्या ताटात घातला. डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून.

दया करून राह्यली माह्यावर!

खाल्ला. काटे फार होते.

भोईपुऱ्यातल्या बाया गुडघा पाहाले म्हणून आल्या. गुडघ्याकडं एकीनं पाह्यलं नाही. साऱ्या मै.भोवती. "कसं वो वाजवतं? दाखव ना!" तिनं परातीत पाणी घेऊन दाखवलं. परातीत मासे आले नाही, एवढं बरं झालं.

का. व. ११, बुधवार

लिव, पण तिले सांगू नको. काल घड्यात आंबील घातली. म्हटलं आता आंबील काय फेकता येते? लक्ष्मी हाय ती. मै. घडा शोधत आली, आत पाह्यलं, हसली, अन् तांब्या घेऊन गेली.

तांब्यानंबी आले. मेल्या माशाईले काही अक्कल हाय का!

रामा म्हणे, "आजी, तुले तिचा राग काहून?" राग कोण करते? मले त्या तांब्याचं कौतुक वाटून राह्यलं. म्हा. अन् ती परत येतात तेव्हा हसत हसत येतात. काय बोलतात डोंग्यात? माह्यासंग तर हा माणूस "डावीकडं" अन् "उजवीकडं" याच्यावर तिसरा शब्द बोलला नाही. म्हटलं बोललं की मासा पळते म्हणून गप राह्यते बिचारा. आता नाही का पळत?

रामानं यातलं अर्धंच लिवलं असन. बायकोचा हाय तो.

का. अमावास्या, रविवार

मै.चा बाप येऊन राह्यला, बुधवारी. लग्नानंतर पहिल्यांदा. दोन दिवस झाले, पोरगी गुणगुणत भांडी घासते. म्हणे, "आजी, बाबाले माह्या हातचा मासा खाऊ घालीन. मीच बोलावलेला."

म्हा.लेबी चेव आला. म्हणे, "व्याह्याले दाखवू पोरीच्या हातानं डोह कसा उकळते." मग माह्याकडं वळला. चांगल्या मनानं म्हणला हो, वाईट मनानं नाही. "आता तू आराम कर. गुडघा बरा झाला तरी कायले तरास? ती जागा पोरीलेच राहू दे."

मी म्हटलं, हो, राहू दे.

दुसरं काय म्हणता येते. घरात मी हाओ, चूल हाय, पोरंबाळं हायत, पण त्याच्या समोर बसायची जागा तेवढीच होती मले. बाकी घरात तर तो पाठमोराच असते.

हे खोड, रामा. नाही खोडत? बरं.

मार्गशीर्ष शु. ३, बुधवार

आज काही नाही. पाय दुखते. गोधडी धुतली. पुरे.

रामा म्हणे, एवढंच? एवढंच.

मा. शु. ४, गुरुवार

काल डोंगा रिकामा आला. एक खवल्या नाही. मै.नं घडा वाजवला, तांब्या वाजवला, हात लाल होईस्तोवर वाजवला. काठावर तिचा बाप उभा, टोपी हातात घेऊन.

पाहुण्याले पिठलं वाढलं. मी स्वतः दोनदा वाढलं. तो भला माणूस म्हणे, "पोरगी कच्ची हाय अजून, आजीबाई, सांभाळून घ्या," अन् मले हात जोडले. मलेच.

म्हा. ताटावरून उठता उठता म्हणे, "हात गेला वाटते पोरीचा. तिथीच वाईट असन." त्यानं दुसरंच वाक्य बोलावं म्हणून मी थांबली होती. "तूच चाल आता," असं. ते काही बोलला नाही.

मै. भांडी घासत होती. गुणगुणणं नव्हतं. घर किती शांत असते, हे मी इसरलीच होती. मले बरं वाटाले पाहिजे होतं.

मा. शु. ७, रविवार

रामा जऊळक्याले गेला, रेल्वेच्या रुळाचं काम निघालं, महिनाभर तिकडंच. वही कोनाड्यात पडली. म्हटलं झालं, आता माह्या तोंडाले कुलूप.

दुपारी मै. आली, वही काढली, शिसपेनीले टोक केलं अन् समोर बसली. "बोला आजी."

म्हटलं, "तुले येते लिवता?"

"भावाची पाटी होती. तो झोपे, मी गिरवे."

घ्या! इथंबी हीच! घडा हिचा, हात हिचा, आता माहे शब्दबी हिच्याच हातून जातीन.

मग डोक्यात उजेड पडला. लिवता येते म्हणजे वाचताबी येते.

"वाचलं का गं?"

"काल वाचलं."

"सारं?"

तिनं पान उलटलं अन् शाळेतल्या मास्तरासारखं वाचलं, "खाल्ला. काटे फार होते." मग म्हणे, "आजी, तो मी मुद्दाम निवडून दिल्ता. कमी काट्याचा." अन् थांबून, "आंबील मातर चांगली झाल्ती."

मी पदरानं तोंड पुसलं. हसू येऊन राह्यलं होतं, दाखवायचं नव्हतं. आता ती हे लिवून राह्यली तर मले दिसते की तिनं आपलं नाव "मै." नाही लिवलं. अक्षर ओळखत नाही मी, पण पेन जरा जास्त चालली. चालू दे. (मैना.)

वही मिटता मिटता म्हणे, "एक इचारू? बुधवारी गोधडी कुठं धुतली?"

मी म्हटलं, गुडघा दुखते, जा आता.

मा. शु. ८, सोमवार

बस. लिव. मध्ये बोलू नको. डोळे वर करू नको.

गोधडी डोहावर धुतली. वरच्या अंगाले, करंजाच्या झाडाखालच्या खडकावर. डोंगा पाण्यात असला की डोहावर कोणी कपडा आपटत नाही, भोईपुऱ्यात जलमलेल्या पोरालेबी ठाऊक हाय. एका डोहात एकच आवाज पाहिजे. दोन झाले की मासा अर्ध्यात फिरते, कोणाच्या हाती लागत नाही. सासूनं मले टाच शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. साऱ्या गावाले मी शिकवलं. अन् गुडघ्याले फडकं बांधून, लंगडत, गोधडी डोक्यावर घेऊन मीच गेली.

भिजवली. मोगरी घेतली. पह्यले साधीच आपटली, बाया आपटतात तशी. तुह्या घड्याचा आवाज येत होता खालून. चांगला आवाज हाय तुहा, लिव, चांगला हाय. मग माहा हात मले इचारल्याबिगर ठेक्यावर गेला. सावकाश, मग घाईनं, मग उगी.

आले.

पोरी, सारा थवा आला. खडकापाशी, गुडघाभर पाण्यात. पाणी असं पांढरं झालं, आधणावानी. एकमेकांवर चढून राह्यले होते. माह्या पायाले लागले. टाचेनं नाही, डोंग्यातून नाही, मोगरीनं बोलावले तरी आले. या वयात! मी हसली, मोठ्यानं हसली, अन् दाखवाले मागं वळली. मागं करंजाचं झाड होतं.

जाळं नाही, टोपली नाही. हाती वली गोधडी. तिकडं तुहा बाप काठावर टोपी घेऊन उभा होता, ते झाडीतून दिसे मले. तुह्या हाताचा आवाज थकत थकत गेला, तेबी आयकू आला. तरी मी मोगरी खाली नाही ठेवली. दोनदा अजून आपटली. हे दोनदा लिव. पह्यल्यांदा हात गेला म्हणता येईन. त्या दोन खेपा मी मारल्या.

मैनाची पेन थांबली. "काहून थांबली?" म्हटलं. तिनं डोळे पुसले. तेबी कसे नीट पुसते ही, काजळ पसरत नाही.

मग म्हणे, "आबाजीले सांगू का?" म्हा.ले आबाजी म्हणते ती.

म्हटलं, सांग.

मग म्हटलं, थांब.

मा. शु. ९, मंगळवार

सांगितलं नाही तिनं. दिवसभर मी तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली. भाकरी वाढताना म्हा.कडं वाकली तरी माहा जीव वर. मुकाट बसून बदला घेते ही, मले वाटलं. पण तसंबी नाही दिसत. बदला घेणारीचं पीठ असं मऊ नाही मळल्या जात.

घडा तिनं उतरंडीवर परत ठेवून दिला. तोंड वर करून. म्हा. इचारे, "काहून वो पोरी, येत नाही का उद्या?" म्हणे, "माहा हात गेला ना, आबाजी." माह्याकडं पाह्यलंबी नाही.

मी बोलाले पाहिजे होतं तिथंच. तोंड उघडलं अन् म्हटलं, "मीठ द्या इकडं."

तिच्या बापाले निरोप धाडला पाहिजे की पोरगी कच्ची नाही. इथून लिवून धाडलं तर जऊळक्याहून रामा पत्र टपालात टाकीन. पण पत्रात काहून पिठलं वाढलं तेबी लिवावं लागन, अन् ते लिवनार कोण? हीच. वाचनारबी तिचाच भाऊ. माह्या साऱ्या गोष्टी आता हिच्या घरातून जाऊन येतात.

जळफळ गेली का, म्हणून इचारते ही शिसपेन हातात धरून. काय सांगू? सांगून टाकलं की जाते म्हणतात. थोडी गेली. तुह्या बापाच्या टोपीपुरती गेली. म्हाताऱ्याच्या "गोड हाताची" हाय अजून. लिव तसंच.

मा. शु. १०, बुधवार

सकाळ. गुडघा अर्धा उतरला. पाय लांब करून बसलं तर बसता येईन नाकाशी, करून पाह्यलं मघाशी उंबऱ्यावर. मैना पाहत होती. म्हणे, "आजी, बसता येते की तुमाले." मी म्हटलं, तुलेबी येते.

डोंग्यात तिघं मावत नाहीत. मावले असते तर बरं झालं असतं, असं तिनं म्हटलं. मी नाही म्हटलं.

म्हा. जाळं खांद्यावर टाकून खाली गेला. कोणी यायचं ते सांगितलं नाही. त्याले वाटते बाया आपसात ठरवतीन. ठरवाले बसलो तर ही वहीच उघडून बसली. म्हणे, ठरवू, पण लिवून ठरवू.

घडा दोघींच्या मध्ये ठेवला हाय. तिनंच काढून आणला.

मी तिले म्हटलं, त्याले मी सांगीन, गोधडीचं. आज. डोंग्यात गेली तर डोंग्यात सांगीन, नाही गेली तर तो आल्यावर. ती म्हणे, डोंग्यात बोललं की मासा पळते ना आजी? तोंडाची चाबरी हाय.

आता खालून त्याची हाक आली. "अवो, चाल ना! ऊन चढलं!"

माहं नाव त्यानं जलमात घेतलं नाही. नातसुनेचंबी घेत नाही, "पोरी" म्हणते. आज पोरीबी म्हटलं नाही, कोणाले बोलावते कोण जाणे.

पुन्हा हाक मारली.

आमी दोघी एकमेकींच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. तिचा एक हात घड्यावर. माही टाच भुईवर ठोकाले लागली, सावकाश. मिट वही, म्हटलं.