भीती किती ते सांगा

आये, तू मेलीस त्याला जमाना झाला, तरी आज चिट्ठी लिहून तुझ्याशीच भांडायला बसलेय. शाळेत घातलंस ना मला, मग भोग आता.

सकाळी शहापूरच्या दवाखान्यातनं कागद घेऊन एक पोरगी आली. गोड पोरगी, पण प्रश्न असले! "आजी, करोनाच्या वेळी भीती किती वाटायची? अजिबात नाही म्हणजे शून्य, खूप म्हणजे चार." मी म्हटलं, "बाय, वाटीनं मोजू की पायलीनं?" माझी छाती खराब, दम्याचा पंप लागतो, म्हणून मला विचारायचं. छाती कुणाच्या धुरानं गेली ते नाय विचारलं. परकरात होते मी, तेव्हापासनं मला तुझ्या चुलीपुढं फुंकणी घेऊन बसवायचीस. तू खोकायचीस नि बाबा म्हणायचा, "राखण चालू हाय, चोर येत नाय." सगळं घर हसायचं. तुझ्या खोकल्याला कोण भ्यालं नाय गो.

माझ्या खोकल्याला भ्याले. त्या साली मी ओट्यावर खोकले की धाकटी जाव दार लावून घ्यायची. "जाऊबाई, तिकडंच बसा!" तिची बाळंतपणं मी काढली, आणि तिनं माझं ताट काठीनं सरकवलं, कुत्र्याला सरकवतात तसं. अजून डोकं तडकतं. मग राब भाजायचे दिवस आले. शेतात शेण-पाला पेटला की धुरात सगळीच खोकतात. म्हणून मी पदर खोचून मुद्दाम धुराच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि पोटभर खोकले. कोणी वळून बघितलं नाय. मग श्वासच येईना, बांधावर आडवी झाले. "हिला झालाय, हिला झालाय!" करत सगळ्या पळाल्या. कमरेचा पंप मीच चाचपून काढला, मीच ओढला.

पोरगी म्हणे, "या आजारानं मराल अशी भीती होती?" म्हटलं, "नाय. शून्य टाक." माणसांची भीती किती, ते तिच्या कागदावर नव्हतंच. आणि सांगू कशी? जाव बाजूलाच चहा पीत होती, "आमच्या जाऊबाई लय धीराच्या" म्हणत.

ही चिट्ठी कुठं टाकायची? तुझ्या गावाला पोस्ट नाय, तुला वाचता येत नव्हतं. राहू दे माझ्यापाशी. पण एक सांगते, हसू नको. त्या दोघी बसल्या होत्या तवर घशाशी आलेला खोकला मी चहाबरोबर गिळत होते. पोरीची गाडी गेली, जाव आत गेली, तेव्हा मागच्या परड्यात जाऊन खोकले.